खळं मी सारवायला सांगितलं होतं

डोंगरातल्या त्या कॉफी सोसायटीबद्दल कुणी माझ्यासमोर चांगलं बोललं की कुठं बघावं ते मला कळत नाही. मध्यंतरी आमच्या शहरात, उस्मानपुऱ्यात एका साखरपुड्याला गेलो होतो. तिथं व्याह्यांनी माझी ओळख करून दिली, "यांनी कोरकू लोकांची कॉफी शहरात आणली." समोरच्यानं हात जोडले. मीही जोडले. घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "आवो, लोक कौतुक करत होते अन् तुमचं तोंड असं का झालं होतं? दात दुखतोय का?" मी हो म्हणालो. दात दुखत नव्हता.

खरं काय घडलं ते लिहायला बसलो आहे. पण लिहितानासुद्धा ते सगळं मला समजलं आहे असं नाही. काही गोष्टी मी केल्या हे मला पक्कं माहीत आहे. त्यांचं पुढं काय झालं याबद्दल मात्र मी आजही गोंधळलेला आहे. वाचणाऱ्यानं हे धरून चालावं.

माझी सगळी नोकरी सहकारी संस्थांच्या कामात गेली. दुधाच्या, कापसाच्या, पतपुरवठ्याच्या सोसायट्या. संस्था कशी नोंदवायची, सभा कशी घ्यायची, भांडणं कशी मिटवायची, हेच मी शिकलो. निवृत्त झालो तेव्हा घरात बसून पंख्याकडं बघत असे. थोरल्या भावाचा मुलगा वाळूजला एका कंपनीत होता. शिफ्टच्या बसला कंटाळून त्यानं नोकरी सोडली आणि उस्मानपुऱ्यात कॉफी भाजून विकायचं दुकान काढलं. देवगाव रंगारीच्या आमच्या घरात तोवर कुणी कॉफी तोंडाला लावली नव्हती. भाऊ पोराला म्हणाला, "लेका, इथं चहाला दूध मिळंना, अन् तू लोकांला काळं पाणी पाजणार व्हय?"

पुतण्याला मेळघाटाच्या डोंगरात एक गाव सापडलं होतं. तिथं कोरकू लोकांच्या घरांमागं, आंब्या-जांभळाच्या सावलीत कॉफीची झाडं होती. व्यापारी येई आणि पिकली, कच्ची, काळी पडलेली अशी सगळी फळं एका भावात उचलून नेई. पुतण्याचं म्हणणं असं, की फक्त लाल फळं तोडली आणि नीट वाळवली तर हीच कॉफी पुण्या-मुंबईचे लोक नावाजून घेतील. पण त्यासाठी गाव एकत्र यायला हवं.

"काका, हे तुमचंच काम," तो म्हणाला.

मला तेवढंच हवं होतं. बायकोनं पिशवी भरून दिली आणि मी परतवाड्याच्या पुढं घाट चढून गेलो.

सोसायटी उभी राहिली. एका तरुण शेतकऱ्याला अध्यक्ष केलं. तो पोरगा बरा होता, हिंदी आणि वऱ्हाडी दोन्ही बोलायचा. बाकीचे आपसात कोरकूत बोलत, आणि मला त्यातलं अक्षर कळत नसे. अर्धा तास चर्चा व्हायची. मी विचारायचो, काय म्हणताहेत? अध्यक्ष म्हणायचा, "हो म्हणून रायले."

मग वाळवण्याचा प्रश्न आला. कुणी खडकावर, कुणी कौलांवर, कुणी थेट रस्त्याच्या कडेला फळं पसरायचे. पुतण्या फोनवर म्हणाला होता, स्वच्छ जागेवर वाळवायला सांगा. त्याचं भाजायचं नवं यंत्र आलं होतं, म्हणून त्याला येता आलं नाही. स्वच्छ जागा म्हणजे काय, हे त्याला विचारावं असं माझ्या मनात आलं नाही. कोण विचारील?

आमच्याकडं सुगीच्या आधी खळं करतात. जमीन सपाट करून, पाणी मारून, धुमसानं ठोकून घट्ट करायची आणि मग शेणानं सारवायची. सारवण वाळलं की त्यावर जोंधळ्याची कणसं पडतात. लहानपणी आई आम्हाला खळ्यात चप्पल घालून जाऊ देत नसे. सारवलेल्या जमिनीहून स्वच्छ जागा मला तेव्हा माहीत नव्हती, आजही नाही. मी गावाला सांगितलं, आपण सगळ्यांचं मिळून एक खळं करू. सगळ्यांचा माल एका खळ्यावर, एकमेकांच्या नजरेसमोर. सहकार याहून वेगळा काय असतो?

अध्यक्ष जरा घुटमळला. "साहेब, आमच्याकडं कॉफीसाठी असं नाई करत कोणी."

"म्हणूनच व्यापारी तुम्हाला फसवतो," मी म्हणालो.

शेण आणलं. पहिला हात मी फिरवला. पँट गुडघ्यापर्यंत वर करून मी बसलो तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मग त्याही बसल्या. संध्याकाळपर्यंत एवढं मोठं, हिरवट, गुळगुळीत खळं तयार झालं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी लपवत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं समाधान मला मिळालं नव्हतं.

सगळ्यांनी माल आणला. एक बाई राहिली. तिचं घर गावाच्या वर, चढावर होतं. नवरा गेलेला, घरात एक सून आणि शेळ्या. ती फळं बाजेवर वाळवत असे. जुन्या खाटांवर मच्छरदाणीचं कापड ताणलेलं, त्यावर फळं. चार-सहा जणांना घेऊन मी वर गेलो.

"बाई, तुमचा माल खाली का आला नाही?"

"बाजेवर वाळून रायला ना, साहेब."

"पण बाजेवर का?"

"कोंबड्या खातेत. खाली टाकला का आल्याच कोंबड्या."

"खळ्यावर राखण ठेवली आहे."

"तुमची राखण झोपते."

माझ्यासोबत आलेले सगळे हसले. राखणीवर ठेवलेला म्हातारा त्यांच्यातच होता. तो सगळ्यात मोठ्यानं हसला. मला मात्र राग आला. एकानं वेगळं राहायला सुरुवात केली की सोसायटी कशी फुटते ते मी खूपदा पाहिलं होतं. मी म्हणालो, "सहकारात वेगळी चूल नसते, बाई. आत यायचं तर पूर्ण या."  दुसऱ्या दिवशी ती आणि सून अर्धवट वाळलेला माल डोक्यावर घेऊन खाली आल्या. मागोमाग शेळ्याही आल्या. त्या थेट खळ्यात शिरल्या. आरडाओरडा झाला, लोकांनी त्यांना हाकललं. तिचा माल सगळ्यांच्या मालात पसरला गेला.

त्या शेळ्या खळ्यात शिरल्या, हे खरं आहे. मी स्वतः पाहिलं. तेही लिहायलाच हवं.

माल शहरात आला. पुतण्यानं भाजला. पुण्याहून एक मुलगी चव बघायला आली. ती एका मोठ्या दुकानासाठी कॉफी निवडायची. दुकानात टेबलावर पेले मांडले, त्यात दळलेली कॉफी, वर गरम पाणी. ती चमच्यानं साय मोडावी तशी वरची पूड सारायची, नाक खाली नेऊन वास घ्यायची आणि मग चमचा तोंडाला लावून जोरात भुरकायची. बायको पोह्यांच्या बशा घेऊन आत आली, तो आवाज ऐकून दारातच थांबली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "एवढी शिकलेली पोरगी अन् असं भुरकती व्हय?" पुतण्यानं मलाही एक चमचा दिला.

मी वास घेतला आणि मला फार बरं वाटलं. कसं सांगू? सारवलेलं अंगण, सकाळचं ऊन, ओसरीत कुणीतरी कुटतंय, असं काहीतरी. मी म्हणालो, "हा पेला सगळ्यात छान आहे."

मुलीनं चमचा खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "काका, यात गोठा आहे."

"म्हणजे?"

"शेणाचा वास. सगळ्या मालात आहे. मला नाही घेता येणार हो."

ती गेल्यावर पुतण्यानं विचारलं, "काका, वाळवलं कशावर?"

"खळ्यावर. एकदम स्वच्छ."

"सारवलेलं?"

"सारवल्याशिवाय खळं कसं होईल?"

तो स्टुलावर बसला.  दुसरं कुणी असतं तर ओरडला असता. मला म्हणाला, "कॉफी वास ओढून घेते, काका. लोण्याजवळ कांदा ठेवला तर जसं होतं, तसं. चूक माझी. मी सांगायला हवं होतं. पुढच्या वर्षी सगळ्यांना खाटा करून देऊ. गावाला मात्र तुम्ही सांगा, खळ्यामुळं झालं म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो.

मी गेलो. शाळेच्या पडवीत सभा भरली. पुण्यानं माल का नाकारला, हे लोक विचारत होते. मी सुरुवात केली, "पुण्याच्या लोकांना मालात गोठ्याचा वास आला." पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं, हे मी शपथेवर सांगेन. तेवढ्यात मागून कुणीतरी कोरकूत काही बोललं. मग दुसरं कुणी. मग सगळेच. आणि सगळ्या माना वळल्या, खांबाशी बसलेल्या त्या बाईकडं.

"काय म्हणताहेत?" मी अध्यक्षाला विचारलं.

"शेळ्या म्हणते."

"एवढा वेळ शेळ्याच?"

"शेळ्याच."

ती बाई लोकांना काही सांगत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला आणि पाणी प्यालो. खूप वेळ पीत राहिलो. तांब्या खाली ठेवला तेव्हा विषय पुढं गेला होता.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं? मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. कधी उत्तर येतं, मी भ्यालो. कधी येतं, मला खरंच वाटलं की शेळ्या असतील, कारण जो वास मला इतका चांगला वाटला त्यानं माल कसा बिघडेल? कधी वाटतं, ही दोन्ही उत्तरं मी नंतर रचली आणि तेव्हा डोकं नुसतं रिकामं होतं. मला ठरवता येत नाही.

बाईला कुणी काढून टाकलं नाही. नुसतं कळवलं, पुढच्या हंगामाला तुझा माल आणू नको. पुढच्या हंगामाला मी आणि पुतण्यानं प्रत्येक घराला जाळीच्या खाटा पोचवल्या. अध्यक्षानं विचारलं, "साहेब, खळं सोडून आता खाटा काऊन?" मी म्हणालो, "पुण्याच्या लोकांना असंच लागतं." हे मी म्हणालो. पाणी पिण्यापेक्षाही मला या वाक्याची जास्त लाज वाटते. ज्या बाजेबद्दल मी तिला बोललो, तशाच खाटा मी गावभर वाटल्या आणि कारण सांगितलं नाही.

त्या वर्षीचा माल पुण्याच्या मुलीनं नावाजून घेतला. गावात सगळे म्हणाले, बघा, बाई गेली आणि कॉफी सुधारली. त्यांच्या डोळ्यांनी बघितलं तर तेच दिसत होतं. ती गेली आणि कॉफी सुधारली, दोन्ही एकाच वर्षी. कधीकधी मलासुद्धा तसंच वाटायचं.

सोसायटी मोठी झाली. मी वयानं थकलो, डोंगर चढणं बंद झालं. मग या वर्षी पावसाळा सरताना अध्यक्षाचा फोन आला. त्या बाईचा माल नेणारा व्यापारी आता घाटात येत नाही. झाडं लगडली आहेत, सून एकटी तोडते, पण द्यायचं कुणाला? तिला सोसायटीत परत यायचं आहे. सभासद नाही म्हणतात. माल पुन्हा बिघडेल म्हणतात. "साहेब, तुमी काय म्हणता?"

मी फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जा की. इथं बसून दात दुखतोय म्हणून मला काय फसवताव?"

पुतण्या गाडी घेऊन आला. सभा त्याच पडवीत. मी उभा राहिलो आणि सरळ सांगितलं. खळं मी सारवायला लावलं. वास शेणाचा होता. बाईचा दोष नव्हता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

 मग कोरकूत बोलणं सुरू झालं. बराच वेळ चाललं. मी अध्यक्षाकडं बघितलं.

"लोक म्हणते," तो म्हणाला, "साहेबाचं मन लई मोठं."

"अरे, मन कसलं? मी चूक केली म्हणतोय."

"तेच म्हणते ना. गरीब बाईसाठी साहेबानं अंगावर घेतलं."

राखणीवाला म्हातारा आता आणखी म्हातारा झाला होता. तो उठला. "साहेब, आमच्या घरात बी शेणानंच सारवते. आम्ही त्याच्यावर झोपतो, जेवतो. देव बसते त्याच्यावर. शेणानं काय बिघडते?"

 खरं सांगायचं तर मला तो बरोबर वाटला. पुतण्यानं लोण्या-कांद्याचं समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मग एकानं विचारलं, "पण शेळ्या तर खळ्यात शिरल्याच होत्या ना?" पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "शिरल्या होत्या." आणि सगळं पुन्हा होतं तिथंच आलं.

शेवटी अध्यक्षानं हात वर करायला सांगितले. साहेबांच्या शब्दाखातर बाईला परत घ्यावं. भराभर हात वर झाले. मला वाटलं, चला, निदान काम तरी झालं.

बाई दाराशी उभी होती. तिथूनच बोलली.

"माफीवर मी नाई येत."

"माफी कुठं, काकी?" अध्यक्ष म्हणाला. "घेतलं तुले."

"शेळ्या माफ केल्या म्हणून घेतलं. खळं खराब होतं असं म्हणा, मंग येते."

 अध्यक्षानं पुन्हा हात वर करायला सांगितले, खळं खराब होतं असं कुणाला वाटतं? दोन-तीन हात अर्धवट उठले आणि आजूबाजूला बघून खाली गेले. माझा हात वर होता, पण मी सभासद नाही.

ती माझ्याकडं वळली. "तवा मी तुमच्याकडं पाहून रायली होती, साहेब. तुमी पाणी पेलं."

आणि ती चढ चढून गेली.

मी मागं गेलो. दोनदा थांबावं लागलं. ती दारात बसून सुनेच्या पाटीतली कच्ची फळं वेचून बाजूला काढत होती. मी म्हणालो, "बाई, मी सांगितलं तर खरं. ते ऐकत नाहीत."

"काऊन ऐकतील? तुमी साहेब. साहेब वाईट कसा सांगन? तुमी बोललं का ते चांगलंच वाटते लोकाले."

"मग मी काय करू?"

"मले काय विचारता? तवा विचारलं का?"

सुनेनं पाणी आणून दिलं. मी ते हातात धरून उभा राहिलो, प्यायलो नाही. बाईच्या ते लक्षात आलं. "प्या ना," ती म्हणाली, "चढून आले. पाण्यावर काय राग काढता?" सून हसली. मी प्यालो. हसावं की काय करावं, मला कळलं नाही.

परतीच्या वाटेवर पुतण्या म्हणाला, "काका, तोंडी बोलता तेव्हा तुम्ही अदबीनं बोलता. लोकांना ती अदबच ऐकू येते. लिहा." म्हणून हे लिहिलं. यात अदब कमी ठेवायचा प्रयत्न केला आहे, पण सवय जात नाही.

तर पुन्हा एकदा. खळं करायचं मी ठरवलं, कुणाला न विचारता. बाईला तिच्या बाजेवरून माल उचलायला मी लावलं, चारचौघांत बोलून. वास खळ्याचा होता, हे मला पुतण्यानं सांगितलं होतं आणि मी सभेत ते पूर्ण सांगितलं नाही. खाटा दिल्या आणि कारण लपवलं. शेळ्यांमुळं थोडं काही झालं असेल का, हे मला ठाऊक नाही. त्या खळ्यात शिरल्या आणि लगेच बाहेर गेल्या. वास मात्र सगळ्या मालात होता, शेळ्या ज्या कोपऱ्यात गेल्याच नाहीत तिथल्यासुद्धा. एवढं जरी लोकांनी नीट ऐकलं तरी पुरे. मी मोठ्या मनाचा नाही. मोठ्या मनाचा असतो तर हे त्याच दिवशी झालं असतं.

काल अध्यक्षाला फोन करून मी सांगितलं की लिहून पाठवतो आहे, सभेत वाचा.

"वाचतो," तो म्हणाला. "कोरकूत सांगाव लागन. पण साहेब, लोक तुमच्यावर रागावतील मंग."

"रागावू द्या. तेच हवंय."

"फळं भराभर लाल होऊन रायली. लवकर घ्याव लागन सभा."

"घ्या. पण ती बाई येऊन बसल्याशिवाय वाचायला सुरुवात करू नका."

त्यानं विचारलं, "अन् नाई आली त?"

"तर सगळ्यांना घेऊन वर तिच्या दारात जा, आणि तिथं वाचा."

"चढ लई हाय, साहेब. म्हातारे लोक कुरकुर करतील."

"करू द्या," मी म्हणालो. "बसायला मिळेल तिथं. तिच्या अंगणात जागा आहे."